तो काही बोलत नाही

प्रिय मुली,

‘ब्रिज टू टेराबिथिया’ हा चित्रपट पुन्हा बघायला मन धजत नाही, असं तू लिहिलंस. जाहिरातीत अक्राळविक्राळ प्राणी आणि जादूचं राज्य होतं, आणि प्रत्यक्षात नायकाची मैत्रीणच मेली. नऊ वर्षांच्या तुला फसवल्यासारखं वाटलं. तुझा तो राग रास्तच होता. २००७ साली या चित्रपटाची जाहिरात खरोखरच एखाद्या जादुई साहसपटासारखी केली होती.

म्हणून चित्रपट लावण्याआधी एक कर. आठवतं तेवढं सगळं कागदावर उतरव आणि चुकीचं वाटलं तरी खोडू नकोस. माझा अंदाज आहे, त्या कागदावर प्राणी भरपूर असतील. आता बघशील तेव्हा लक्षात येईल की ते पडद्यावर फार थोडा वेळ येतात. त्यांचे चेहरेही नीट बघ. नायक जेस आणि त्याची मैत्रीण लेस्ली यांना शाळेत छळणारी मुलंच, त्यांच्या कल्पनेतल्या जंगलात राक्षस होऊन आली आहेत. कादंबरीत यातलं जवळपास काहीच नाही. तिथे दोन मुलं ओढ्यापलीकडे जातात आणि न दिसणाऱ्या शत्रूंशी लढतात, एवढंच.

कादंबरी कॅथरीन पॅटरसन यांची, १९७७ची. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं. त्यांच्या मुलाची, डेव्हिडची, जिवलग मैत्रीण वीज पडून गेली होती. दोघंही तेव्हा आठ वर्षांची. मुलाला त्याचा अर्थ लागेना, आईलाही लागेना, आणि त्यातून हे पुस्तक आलं. वीज मात्र पुस्तकात नाही. तिथे पावसाने ओढा फुगतो आणि ज्या झोक्याने लेस्ली तो ओलांडते, त्याचा दोर तुटतो. तोच डेव्हिड मोठा झाला आणि जेफ स्टॉकवेल यांच्यासोबत त्याने या चित्रपटाची पटकथा लिहिली. मुलगी मेलीच पाहिजे का, नुसती जखमी झाली तर चालणार नाही का, असं त्याला काही निर्मात्यांनी विचारलं होतं. त्याने ते मानलं नाही. ही हकिकत मला कळली तेव्हा मी चित्रपट पुन्हा लावला, आणि त्या दिवशी तो मला पहिल्यांदा समजला.

आता ज्या प्रसंगासाठी हे पत्र लिहितोय तो. संगीताच्या शिक्षिका, मिस एडमंड्स, जेसला एकट्यालाच संग्रहालय दाखवायला नेतात. गाडी लेस्लीच्या घरावरून जाते. तो घराकडे बघतो आणि काही बोलत नाही. हिलाही घेऊ या का, एवढंच विचारायचं होतं. तो विचारत नाही, आणि त्याच दिवशी ती एकटी ओढ्यावर जाते. तू लहानपणी हे पाहिलंस, पण तुला ते आठवत नसणार. मलाही आठवत नव्हतं. लहानपणी आपण मृत्यू लक्षात ठेवतो. त्याच्या आधीचं ते गप्प राहणं ध्यानात यायला स्वतः कधीतरी तसं गप्प राहिलेलं असावं लागतं.

यानंतर कादंबरीतलं तेच पान उघड. तिथे गाडी बरीच पुढे गेल्यावर जेसला सुचतं की लेस्लीला घेता आलं असतं. आणि सुचल्यावर, आपण एकटेच आलो याचा त्याला लपून आनंद होतो. लेखिका हे एका वाक्यात सांगू शकते, कारण ती त्याच्या मनात बसली आहे. कॅमेऱ्याला तिथे शिरता येत नाही. म्हणून चित्रपटाने तो क्षण मागे आणला, थेट तिच्या घरासमोर, आणि त्याची निवड एका नजरेत ठेवली. कादंबरीचा चित्रपट करताना वाक्यं गाळली म्हणून लोक हळहळतात. मला तर हे काम बघून हेवा वाटतो.

लेस्ली गेल्यानंतरचा भागही सावकाश बघ. कडक म्हणून मुलांना नकोशा असलेल्या मिसेस मायर्स जेसला वर्गाबाहेर नेऊन स्वतःच्या नवऱ्याच्या जाण्याबद्दल बोलतात. तिथे एकही राक्षस नाही, पार्श्वभूमीला जंगल नाही. माझ्या मते तो या चित्रपटातला सर्वांत धीट प्रसंग आहे.

आणि आता तुझी पटकथा. तू ज्या बालकादंबरीवर काम करतेयस, तिच्यातल्या धाकट्या भावाचा मत्सर तू निवेदकाच्या तोंडी घातलायस. अर्धं पान. वाचताना मला त्या मुलाचं काहीच दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. ते अर्धं पान काढ. बहीण बक्षीस घेऊन घरात येते तेव्हा तो काय करतो, कुठे बघतो, कुठल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, तेवढंच लिही आणि मला पाठव. सोबत तो आठवणींचा कागदही पाठव, खाडाखोड न करता.

तुझा,
सर