दुर्बीण राहू द्या, गणित सोडू नका

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. आकाशातले स्फोट अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशात अभ्यासायचे म्हणते आणि त्यासाठी चाळीस हजारांची दुर्बीण मागते. नातेवाईक म्हणतात, गणित सोडून नीटची तयारी करू दे. या क्षेत्रात पोटापाण्याचं काही आहे का? – एक पालक, बार्शी

नमस्कार. आधी दुर्बिणीचं सांगतो, तिथे तुमचे पैसे वाचतील. अतिनील प्रकाशाचा मोठा भाग वरचा ओझोनच गिळून टाकतो (आपल्या कातडीसाठी ते बरंच आहे). त्यामुळे हे आकाश तुमच्या गच्चीवरून काय, लडाखच्या डोंगरावरूनही दिसत नाही. दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. इस्रोने २०१५ साली सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर ‘यूव्हीआयटी’ ही तशीच जुळी दुर्बीण आहे, आणि तिच्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा वाटा आहे. आदित्य-एल१ यानावरून सूर्याचे अतिनील फोटो काढणारी ‘सूट’ दुर्बीण तर आयुकाच्या पुढाकारानेच घडली. म्हणजे लेक बोलतेय ती गोष्ट बार्शीहून एका एसटीच्या अंतरावर आहे.

आता तिचे स्फोट. तारा फुटतो तेव्हा सुरुवातीचे काही तास तो इतका तापलेला असतो की त्याचा बराचसा उजेड अतिनीलमध्येच असतो. ऑगस्ट २०१७मध्ये दोन न्यूट्रॉन तारे (म्हणजे फुटून गेलेल्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे) एकमेकांवर आदळले. स्विफ्ट उपग्रहाला तिथे अतिनील झगमगाट दिसला आणि काही दिवसांतच तो विझलाही. उशिरा पोचलात की हाती काही नाही. पण यूव्हीआयटीला एका वेळी साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढाच तुकडा दिसतो, आणि तारा कुठे फुटणार हे आधी कोण सांगणार? म्हणून इस्राएल ‘अल्ट्रासॅट’ हा उपग्रह बांधतोय. तो एका नजरेत हजारेक चंद्रांएवढं आकाश बघेल. २०२७ला सोडायचा बेत आहे. नासाची ‘यूव्हेक्स’ ही अतिनील दुर्बीण त्यामागून, २०३०मध्ये. तुमची मुलगी साधारण तेव्हाच पदवीधर होईल.

यातलं रोजचं काम मात्र तिला नीट सांगा. दुर्बिणीला डोळा लावून कोणी बसत नाही. आजच्या फोटोतून जुना फोटो वजा करायचा. दोन्हीकडे सारखं आहे ते सगळं पुसलं जातं आणि करड्या चौकोनात एखादा ठिपका उरतो. तो फुटलेला तारा, की कॅमेऱ्यावर आपटलेला वैश्विक किरण (अवकाशातून आलेला वेगवान कण)? पुन्हा पुन्हा चमक मोजायची, आलेख काढायचा, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायचा. गणित सोडलं तर हे दार बंदच झालं समजा. बायोलॉजी ठेवायची तर ठेवा, पण गणिताच्या जागी नको.

यंत्रं बनवणाऱ्यांचं काम वेगळं, तेही तिला आवडेल कदाचित. आरशावर बाष्पाचा पुसटसा थर बसला तरी अतिनील प्रकाश अडतो. म्हणून यूव्हीआयटीची झाकणं उड्डाणानंतर सुमारे दोन महिने उघडलीच नव्हती. उपग्रहातून सुटणारी वाफ आधी निघून जाऊ दिली. या बाजूला इंजिनिअर लागतात.

वाटा सांगतो. आयसर पुणे ही विज्ञानसंस्था, तिरुवनंतपुरमची अवकाश-तंत्रज्ञान संस्था आयआयएसटी, किंवा जवळच्या चांगल्या कॉलेजात फिजिक्समधून बीएस्सी आणि मग एमएस्सीची प्रवेश परीक्षा ‘जॅम’. पुढे पीएचडी. तिथे फी भरायची चिंता नसते. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे.

नोकरीचं खरं सांगायचं तर खगोलशास्त्रज्ञाच्या कायम जागा मोजक्या आहेत आणि त्या तिशी उलटल्यावर मिळतात. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षं या देशात, दोन-तीन त्या देशात, असं फिरावं लागतं. बरेच जण मधूनच डेटाच्या नोकऱ्यांकडे वळतात. पगार तिथे जास्त, हेही लपवत नाही.

तूर्त घरच्या लॅपटॉपवर पायथन सुरू करू द्या. विज्ञान दिनाच्या सुमारास आयुकाची दारं सगळ्यांना उघडी असतात. तिला घेऊन जा, आणि हाच नोकरीचा प्रश्न तिथल्या पीएचडीच्या मुलांना तुम्ही स्वतः विचारा. ती मुलं माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतील.