गाजर गवत गाडलं, मूग उगवलाच नाही!

प्रश्न: नमस्कार. आमचं शेत अमळनेर तालुक्यात, काळी जमीन. बांधाकडच्या पट्ट्यात गाजर गवत गुडघ्यापर्यंत आलेलं, रोटाव्हेटर मारून गाडलं, म्हटलं फुकटचं हिरवळीचं खत झालं, आणि चौथ्या दिवशी मूग पेरला. बाकी वावरात उगवण एक नंबर, त्या पट्ट्यात मात्र तुरळक. बी उकरून पाहिलं तर फुगलेलं, पण मूळ आखूड आणि टोकाला तपकिरी. बियाणं एकाच पिशवीतलं. गवताने बी मारलं का?

उत्तर: भाऊ, संशय बरोबर जागी आहे. गाजर गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, जोडीला फिनॉलिक आम्लं. उभ्या झाडावरून ती पावसाने थोडी थोडी झिरपतात, तुम्ही तर बारीक करून एकदम मातीत ओतली. मुळाचं टोक सगळ्यात नाजूक, मार आधी तिथेच बसतो. तणाने खत खाल्लं म्हणून असं झालं म्हणावं तर रुजणारा मूग पहिले काही दिवस स्वतःच्या दोन डाळींतल्या अन्नावरच जगतो. एका झाडाच्या द्रव्यांनी दुसऱ्याची वाढ अडते, या प्रकाराला अ‍ॅलेलोपथी म्हणतात, नाव १९३७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी दिलं.

पण लगेच शिक्का मारू नका. ओला पाला कुजताना बुरशीही वाढते आणि तीही कोवळं मूळ तपकिरी करते, शिवाय रोटाव्हेटरच्या भुसभुशीत मातीत बी खोलही जातं. काही जण पाला वाटून त्या रसात मूग भिजवतात आणि बघा मेला म्हणतात, अहो इतक्या घट्ट रसात कुठलंही बी कुरकुरेल! त्यापेक्षा चांगल्या पट्ट्यातली माती चार कुंड्यांत भरा. एक तशीच, दुसरीत मूठभर चिरलेलं गाजर गवत, तिसरीत तेवढाच पालक, चौथीतही गाजर गवत पण पेरणी तीन आठवड्यांनी, माती ओलसर ठेवून. प्रत्येकीत २५ दाणे, खोली सारखी. दुसरी आणि तिसरी दोन्ही बिघडल्या तर कुजण्याचा दोष, फक्त दुसरी बिघडली तर गवताचा. चौथी बहुतेक सुधारलेली दिसेल, कारण मातीतले जिवाणू ही द्रव्यं हळूहळू खाऊन टाकतात.

पुढच्या वेळी गाडल्यावर निदान दोन-तीन आठवडे थांबा. बांधावरचं फुलायच्या आत उपटा, एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, आणि हातमोजे घालूनच, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.