वाचकांचे प्रश्न : झाडाचं सोंग घेतलेला सुडोवूडो

प्रश्न : ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ गेममधला सुडोवूडो हा प्राणी दिसतो झाडासारखा, मग तो ग्रास टाइपचा, म्हणजे वनस्पती प्रकारातला, का नाही? आणि या नावाचा अर्थ काय?

उत्तर : कारण तो झाड नाहीच. सुडोवूडो (क्रमांक 185, उंची 1.2 मीटर, वजन 38 किलो) निव्वळ रॉक टाइपचा, म्हणजे खडक प्रकारातला, आहे. कुणी हल्ला करू नये म्हणून तो झाड बनून उभा राहतो. मात्र त्याला पाण्याचा तिटकारा आहे, त्यामुळे पाऊस आला की तो पसार होतो. शिवाय हिवाळ्यात इतर झाडं ओकीबोकी झाली तरी याचे हात हिरवेच राहतात. तिथेच सोंग उघडं पडतं.

नावात ‘स्यूडो’ म्हणजे खोटा आणि ‘वुड’ म्हणजे लाकूड. जर्मन नाव मोगेलबाउम : ‘मोगेल्न’ म्हणजे लबाडी करणं, ‘बाउम’ म्हणजे झाड. फ्रेंच सिम्यूलार्ब्रमध्येही सोंग आणि झाड यांचीच जोडी आहे. पण सगळ्यांत सरस मूळ जपानी नाव, उसोक्की. ‘उसो’ म्हणजे खोटं, ‘की’ म्हणजे झाड आणि उच्चारताना ऐकू येतो ‘उसोत्सुकी’, म्हणजे खोटारडा! मराठीत झाडही वठतं आणि सोंगही वठतं. हा श्लेष आपल्याला लगेच पोचावा.

प्रश्न : ‘पोकेमॉन गोल्ड’ या गेममध्ये रूट 36 या रस्त्यावर वाट अडवणारं झाड हटत नाही. जिमची (लढतींच्या आखाड्याची) प्रमुख व्हिटनी हिला हरवलं, तरी फुलांच्या दुकानात पाण्याची बाटली मिळत नाही.

उत्तर : आधी जिम जिंकल्याचा बॅज खरंच मिळालाय का ते पाहा. हरल्यावर व्हिटनी रडत बसते आणि बॅज देत नाही. जिमच्या दाराकडे निघा, वाटेत एक मुलगी अडवून बोलेल. मग परत जाऊन व्हिटनीशी बोललात की प्लेन बॅज मिळतो. दुसरी अडचण क्रमाची. रूट 36 वर त्या झाडापाशी उभ्या असलेल्या मुलीला आधी भेटावं लागतं. त्यानंतर ती गोल्डनरॉड शहरातल्या त्या फुलांच्या दुकानात दिसते. तिथे तिच्याशी आणि मग तिच्या बहिणीशी बोला, स्क्वर्टबॉटल, म्हणजे ती पाण्याची बाटली, हातात पडेल.

झाडावर पाणी मारण्याआधी गेम सेव्ह करा. समोर येतो तो लेव्हल 20 चा सुडोवूडो, आणि तो बेशुद्ध पडला तर त्या सेव्हमध्ये पुन्हा उभा राहत नाही. झाड समजून फायर किंवा फ्लाइंग पोकेमॉन पुढे केलात तर फसाल. त्यांचे वार निम्म्या जोरानेच लागतात आणि त्याचा रॉक थ्रो हा दगडफेकीचा वार त्यांना दुप्पट लागतो. वॉटर, ग्रास, फायटिंग, ग्राउंड, स्टील हे प्रकार त्याला भारी पडतात. पकडायचा असेल तर हेही जपून वापरा, एका फटक्यात आडवा होऊ शकतो.

‘एमराल्ड’ या गेममध्ये असाच एक सुडोवूडो बॅटल फ्रंटियर या भागात वाट अडवतो. तो लेव्हल 40 चा आहे आणि तिथे वेलमर पेल या झारीने पाणी घालावं लागतं.

प्रश्न : सुडोवूडोच्या अंड्यातून बॉन्स्ली, म्हणजे त्याचं बाळरूप, का येत नाही?

उत्तर : ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’च्या आधीच्या गेममध्ये सुडोवूडोच्या हाती रॉक इन्सेन्स ही वस्तू नसेल, तर अंड्यातून थेट सुडोवूडोच निघतो. बॉन्स्लीला मिमिक ही चाल येत असताना त्याची लेव्हल वाढली की त्याचा सुडोवूडो होतो. बॉन्स्लीचं जपानी नाव उसोहाची. ‘हाची’ म्हणजे कुंडी, आणि ‘उसो-हाप्प्याकू’, शब्दशः आठशे थापा, हा जपानी वाक्प्रचारही त्यात दडलाय. तो रडतोय असं वाटतं, पण ते अश्रू नव्हेत. अंगातलं जादा पाणी तो डोळ्यांवाटे बाहेर टाकतो.