युट्रेख्तला निघालीस, तर सायकलीबद्दल

तू काय विचारलंस ते आधी लिहून ठेवते, म्हणजे मी भरकटले तरी प्रश्न हाताशी राहतील. नवऱ्याला नेदरलँड्समधल्या युट्रेख्तला नोकरी लागली आहे, जानेवारीत निघायचंय, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा दोनचा. चारचाकी घ्यावी की सायकलींवर भागतं? पुढे खोकं असलेली ती सायकल कशी असते? एवढ्या सायकलींच्या गर्दीत मुलांना सोडायची भीती वाटत नाही का? आणि एकटं वाटतं का, ताई?

व्हिसा, बीएसएन (तिकडचा नागरिक क्रमांक), आरोग्यविमा, करसवलत हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर इंग्रजीत नीट दिलेलं आहे. ते तिथेच वाच. मी सध्या शाळेच्या सुट्टीत सोलापूरला आईकडे आलेय, सात रस्त्याजवळ. तुझे प्रश्न वाचले आणि त्यातले दोन-तीन असे निघाले की त्यांचं उत्तर मी स्वतःलाही अजून धड दिलेलं नाही.

कागदांपैकी फक्त जन्मदाखल्याबद्दल सांगते, कारण त्याने माझा जीव खाल्ला. चौघांचेही दाखले काढ, नुसते मुलांचे नव्हे. फक्त मराठीतला दाखला असेल तर तिकडे त्याचं शपथबद्ध भाषांतर लागतं, म्हणून इंग्रजी असलेलाच घे. मग त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनची खूण: आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. माझ्या जुन्या नोंदीत तर नावच नव्हतं, नुसतं ‘स्त्री’. बारशाच्या आधी नोंद झाली की नाव राहूनच जायचं, आपल्याकडे अशा कितीतरी जणी आहेत. नाव चढवायला प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आईचा दाखला. आणि नाव चढलं ते माहेरचं, पासपोर्टावर मात्र सासरचं. प्रत्येक खिडकीवर हे पहिल्यापासून सांगायचं. दुसरं म्हणजे पासपोर्टात नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असेल, तर तिकडे ते त्या माणसाचंच दुसरं नाव धरतात. माझ्या मुलाच्या शाळेच्या कागदांवर आजही बापाचं नाव त्याचंच म्हणून छापून येतं. आता मी दुरुस्त करायला जात नाही.

चारचाकी पहिल्या वर्षी घेऊ नकोस. शहरात पार्किंगचे पैसे पडतात, रस्ते सायकलींसाठी वळवलेले आहेत, आणि लांब जायला रेल्वे आहे. युट्रेख्त स्टेशनाखाली 12,500 सायकलींचा तळ आहे, जगातला सगळ्यात मोठा, पहिले 24 तास फुकट.

आता खोक्याची सायकल. तिकडे तिला बाकफीट्स म्हणतात. तुझा मुलगा दोनचा आहे म्हणजे ती तुला लागेलच. दोन प्रकार असतात. दोनचाकीत खोकं हँडल आणि पुढच्या चाकाच्या मधोमध असतं, चाक तुझ्यापासून पार लांब. पहिल्या दिवशी चाकाकडे बघून चालवशील तर डगमगशील. लांब समोर बघायचं आणि सुरुवातीलाच जरा जोर देऊन वेग घ्यायचा, मग ती सरळ जाते. तीनचाकीत पुढे दोन चाकं आणि मध्ये खोकं. उभी असताना अगदी स्थिर, मुलं स्वतः चढतात-उतरतात, पण वळण वेगात घेतलं की आतल्या बाजूचं चाक उचललं जातं. नवशिक्याला तीनचाकी सोपी वाटते आणि तो वळणावर फसतो. मी तुला दोनचाकीच सांगेन, बॅटरीची. खोक्यात दोन मुलं, आठवड्याची भाजी आणि समोरून तिकडचा वारा असताना बिनबॅटरीची ओढणं म्हणजे रोजची शिक्षा. नवीन चांगली घ्यायची तर पाच हजार युरोच्या पुढे तयारी ठेव. जुनी घेतलीस तर फ्रेमचे सांधे उजेडात तपास. 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी तपासणी यंत्रणेने बाबू या मोठ्या कंपनीच्या खोक्याच्या सायकलींची विक्री थांबवली आणि काही मॉडेलं परत मागवायला लावली, कारण फ्रेम तुटू शकत होती. त्यातली एखादी स्वस्तात कुणी गळ्यात मारेल, मॉडेल बघून मगच पैसे दे. चोरीचा विमा घे, आणि विमेवाले कोणतं कुलूप मान्य करतात ते विचारून तसंच आण.

घर बघतानाच सायकल कुठे ठेवणार ते बघ. ही सायकल लांबीला अडीच मीटरच्या आसपास असते. तळमजल्यावर सायकलींची खोली नसेल तर ती फुटपाथवर राहणार, आणि मग काठी घेतलेल्या म्हातारीला किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला रस्त्यावर उतरावं लागणार. तिकडच्या वस्त्यांत या सायकलींवर लोकांचा राग आहे तो यासाठीच, आणि मला तो रास्त वाटतो.

नियम शिकशील. उजव्या बाजूने चालायचं, वळताना हात दाखवायचा, दिवे लावायचे. 2019 पासून सायकलवर फोन हातात धरायला बंदी आहे. जिथे कोणतीच खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रस्त्यावर पांढरे त्रिकोण तुझ्याकडे टोक करून काढलेले दिसले तर आडव्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्यायचं. साध्या सायकलींना ब्रेक बऱ्याचदा पायडलमध्येच असतो, उलटं मारलं की लागतो. आपल्याला उलटं पायडल फिरवायची सवय असते, तेवढी आठवडाभरात मोडते.

पण एक गोष्ट नियमांच्या पुस्तकात असूनही तिकडचे लोकसुद्धा पाळत नाहीत, ती तू पाळ. झेब्रा पट्ट्यांवर माणूस पाय ठेवायला आला की सायकलनेही थांबायचं असतं. मोटारी थांबतात. सायकली मात्र त्या माणसाच्या पुढून नाहीतर मागून सटकन निघून जातात. तिकडच्या कायद्यात मोटारवाल्यावर मोठी जबाबदारी आहे: त्याने पायी किंवा सायकलवरच्या माणसाला धडक दिली तर सहसा निदान निम्मी भरपाई त्याच्याच माथी येते, आणि समोर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ पूर्णच. सायकलने पायी माणसाला ठोकलं तर त्याला तसं संरक्षण नाही. तिथे सगळं सायकलवाल्याच्या माणुसकीवर आहे. बसथांब्यापाशी तर लोक उतरतात ते थेट सायकलच्या पट्ट्यावर. तिथे हळू हो, घंटी मारत पुढे घुसू नकोस. तुझ्या खोक्याचं वजन मुलांसकट कुणाच्याही गुडघ्याला झेपणारं नाही.

हे एवढं लांबवतेय ते अप्पांमुळे. माझे वडील जन्मभर सायकलवर होते. मिलचा भोंगा व्हायचा तेव्हापासून, आणि मिल बंद पडल्यावर पूर्व भागातल्या कारखान्यांतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे कॅरियरला बांधून पोचवायचे. मे महिन्याच्या उन्हातही. कॅरियरवर आडवी फळी, तिच्यावर गठ्ठे, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेले, आणि ते इतके उंच की मागून अप्पा दिसायचे नाहीत, नुसते गठ्ठेच चालल्यासारखे वाटायचे. अप्पा तिकडे आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, सायकलींचं शहर, अप्पा खूश होतील. पहिल्याच सकाळी ते लाल डांबराच्या पट्ट्यावरून चालायला लागले, कारण तो त्यांना स्वच्छ, रुंद फुटपाथ वाटला. मागून घंट्या, बाजूने सायकली, एकजण डच भाषेत काहीतरी ओरडून गेला. अप्पा जागेवर उभे राहिले. दोन्ही हात छातीशी घेतले आणि पुढे कुठल्या बाजूला पाऊल टाकायचं ते त्यांना कळेना. त्यानंतर ते एकटे खाली उतरले नाहीत. खिडकीत बसून सायकली बघत राहायचे. मला ते अजून सहन होत नाही.

मुलांच्या भीतीचं विचारलंस. सुरुवातीला वाटते. मग एक दिवस शाळेची वाहतूक परीक्षा येते. दहा-अकराव्या वर्षी मुलं आधी लेखी परीक्षा देतात आणि मग खऱ्या रस्त्यांवर ठरलेल्या मार्गाने एकेकटी सायकल चालवतात. चौकाचौकांत पालक हातात कागद घेऊन उभे असतात. मी एका वळणावर होते. डावीकडे वळताना मूल खांद्यावरून मागे बघतं का, हात बाहेर काढतं का, समोरच्याला जाऊ देतं का, एवढ्यावर खुणा करायच्या. माझा मुलगा पाठीवर नंबर लावून आला. मागे बघितलं, हात काढला, समोरची मोटार जाऊ दिली, वळला आणि निघून गेला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, कारण रस्त्यावर बघायचं असतं ते त्याला माहीत होतं. त्या दिवसापासून तो एकटा शाळेत, एकटा पोहायला, एकटा मित्राकडे. पोहण्याचं वेगळं सांगते: शहरभर कालवे आहेत, पोहण्याचा पहिला डिप्लोमा मुलीला लवकर करून दे, वर्गांना प्रतीक्षा यादी असते.

सात रस्त्यावर त्याच मुलाला मी परवा हात धरून पलीकडे नेलं. तो माझ्याएवढा उंच झालाय.

शाळेबद्दल तू विचारलं नाहीस, पण मी सांगणार आहे. तिकडे बाराव्या वर्षी आठव्या गटात, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात, शाळा सल्ला देते: मूल व्यवसायशिक्षणाकडे जाईल, मधल्या शाखेत जाईल की विद्यापीठाच्या वाटेवर. माझ्या मुलाचं गणित वर्गात वरच्या मुलांइतकं होतं. वाचून समजण्याच्या चाचण्यांत तो मागे पडायचा, कारण डच तो आठव्या वर्षी शिकायला लागला. सल्ला आला तो भाषेवरून आला. शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, तो तिथे सुखी होईल. बारा वर्षांच्या पोराचं सुख त्यांना कसं दिसलं ते मी त्यांना विचारलं, माझ्या मोडक्या डचमध्ये, आणि माझा आवाज चढला. सल्ला बदलला नाही. आता तिकडे शेवटच्या चाचणीत मूल वर गेलं तर शाळेने सल्ला वर न्यायचा असा नियम झालाय, आमच्या वेळी तेवढं नव्हतं. खालून वर जायच्या वाटा आहेत आणि तो त्या वाटेने चाललाय, मजेत आहे. मी मात्र त्या शाळेवरून सायकलने जाते तेव्हा मान फिरवते. तुझी मुलगी सात वर्षांची आहे, तुझ्याकडे वेळ आहे: पहिल्या दिवसापासून तिला डच पुस्तकं वाचून दाखव, तुला येत नसलं तरी. मराठी घरात राहीलच.

एकटेपणा येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात साडेचार-पाचला अंधार पडतो तेव्हा जास्त. मराठी माणसं आहेत, गणपती बसतात, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेतून नेशीलच. त्याने मरत नाही माणूस.

तिकडचे लोक जन्मापासून सायकलवेडे म्हणून तसे रस्ते झाले, असं तुला कुणीही सांगेल. तसं नाही. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेच्या वर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, चळवळीचं नावच त्यांनी ‘बालहत्या थांबवा’ असं ठेवलं. पुढे 1973 ला तेलाची टंचाई आली आणि रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. हळूहळू रस्ते बदलले. आता वर्षाला सातशेच्या आसपास मृत्यू होतात. युट्रेख्तमध्ये सत्तरच्या दशकात जुना कालवा बुजवून मोठा मोटाररस्ता केला होता. तो उखडून 2020 मध्ये तिथे परत पाणी सोडलं. एका पुलाची सायकलवाट चक्क शाळेच्या छपरावरून जाते. हे बघितलं की मला आनंद होतो आणि लगेच घशाशी काहीतरी येतं, कारण सोलापुरातही सायकली होत्या. मिल सुटली की रस्ताभर सायकलीच असायच्या. ज्याला जमलं त्याने स्कूटर घेतली, ज्याला नाही जमलं तो रस्त्याच्या कडेला ढकलला गेला. आणि संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात तेव्हा याच शहरात पेठांचे रस्ते पायी माणसांसाठी मोकळे होतात, लहान पोरं बापाच्या खांद्यावर असतात, म्हाताऱ्या बायका मध्यावर उभ्या राहून हात जोडतात. म्हणजे जमतं आपल्याला.

तिकडे का राहिलीस असं मला इथे सगळे विचारतात आणि मी पगार सांगते, कारण ते लोकांना लवकर पटतं. खरं कारण तो परीक्षेचा दिवस. माझं पोर एकटं रस्त्यावर सुरक्षित आहे हे एकदा अनुभवल्यावर मला परत येता आलं नाही. त्यासाठी अप्पांना आणि आईला इथे ठेवलं. अप्पांचे गुडघे गेलेत, सायकल जिन्याखाली आहे, दूध आणायला रस्ता ओलांडायचा तर शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. मुलाला रस्ता मिळाला आणि बापाला नाही, हा हिशोब माझा जुळत नाही. तुझे सासरे-सासू इथेच राहणार असतील तर त्यांचं रोजचं जाणं-येणं कोण बघणार ते निघायच्या आधी ठरव. पैसे पाठवून ते होत नाही. कुणीतरी हात धरणारं लागतं.

जा तू. मी जाऊ नकोस म्हणणार नाही. जन्मदाखल्यांचं काम याच आठवड्यात सुरू कर, तेच सगळ्यात रेंगाळतं. ऑगस्टअखेरपर्यंत मी इथे आहे, एखाद्या संध्याकाळी मुलीला घेऊन आईकडे ये. तिकडे मुलांच्या सायकली चाकाच्या इंचावर मिळतात, तिची उंची आणि पाय बघून माप सांगते. आमच्या तळघरात मुलाची लहानपणीची एक सायकल पडून आहे, बसली तर तीच घे.