पेरूमधल्या माचू पिचूला, म्हणजे इंका लोकांच्या डोंगरावरच्या जुन्या शहराला, एकच दिवस मिळणार असेल, तर तिथे नेमकं काय बघावं?

एकच दिवस आहे म्हणून बेत रद्द करू नका, जरूर जा. फक्त वरून अख्खं शहर दिसणाऱ्या त्या एका प्रसिद्ध फोटोच्या मागे लागू नका.

मी सकाळी फोटोच्या जागेवर पोचलो तेव्हा समोर नुसतं धुकं होतं. दिसत काहीच नव्हतं, पण पाण्याचा आवाज येत होता. खाली उतरल्यावर दिसली दगडात कोरलेली जेमतेम वीतभर रुंदीची पन्हळ आणि तिच्यातून कुंडात पडणारी पाण्याची बारीक धार. घागर लावली तर एक थेंब बाहेर सांडणार नाही, इतकी नेमकी. पाच-साडेपाचशे वर्षांपूर्वीचं हे काम! मी तिथेच खिळून राहिलो.

डोंगराच्या उतारावरच्या झऱ्यापासून सुमारे ७५० मीटरचा दगडी पाट काढून इंकांनी हे पाणी शहरात आणलं आणि एकाखाली एक अशा १६ कुंडांतून खेळवलं. पहिलं कुंड राजाच्या निवासालगत आहे, म्हणजे पाण्यावर पहिला हक्क त्याचा.

दुसरी गोष्ट म्हणजे उतारावरचे पायऱ्यांसारखे बांध. वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस झेलूनही हे शहर घसरून उरुबांबा नदीत गेलं नाही, ते यांच्यामुळे. वर माती, खाली वाळू-खडी, त्याखाली मोठे दगड, त्यामुळे पाणी साचतच नाही. अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम १९११ मध्ये इथे आला, तेव्हा स्थानिक शेतकरी याच बांधांवर पिकं घेत होते. म्हणून त्याने हे शहर 'शोधलं' असं कुणी म्हटलं की मला खटकतं.

सूर्यमंदिराची गोलाकार भिंतही नीट बघा. चुना-माती काही न वापरता दगडाला दगड असा बसवलाय की सांधा शोधावा लागतो.

तिकीट ठरावीक वेळेचं आणि ठरावीक मार्गाचं असतं, मागे फिरता येत नाही. त्यामुळे काढतानाच शहराच्या आतून जाणारा मार्ग निवडा, नुसता वरून दिसणारा नको. पासपोर्ट जवळ हवाच. आणि कुस्कोला, म्हणजे विमानाने जिथे पोचता त्या शहरात, उतरल्या उतरल्या मुक्काम करू नका. ते ३,४०० मीटरवर आहे, तर माचू पिचू २,४३० मीटरवर. माझी कुस्कोची पहिली रात्र डोकेदुखीत गेली. त्यापेक्षा थेट खाली ओयांतायताम्बो या गावी जाऊन राहा, माचू पिचूची रेल्वेही तिथूनच मिळते.