सबडोमेनांची यादी बाहेर दिसते, म्हणजे हॅक झालं का?

‘आमची साइट फुटली का?’ अशी विचारणा गेले काही आठवडे सारखी येते आहे, आणि प्रत्येकाचा पुरावा एकच: कुणीतरी छापून आणलेली सबडोमेनांची (म्हणजे साइटच्या नावाआधी ‘टेस्ट’सारखा शब्द लावून केलेल्या उपपत्त्यांची) यादी. म्हणून या वेळी तेवढंच.

प्रश्न : एका गृहस्थांनी आमच्या साइटची चौदा सबडोमेनं कागदावर आणून दाखवली. म्हणाले, डार्क वेबवर सापडली. बंदोबस्ताचे चाळीस हजार होतील. (अंबड)

डार्क वेब वगैरे काही नाही. सर्टिफिकेट म्हणजे ‘ही साइट याच नावाची आहे’ असं ब्राउझरला सांगणारा दाखला. २०११ साली असे दाखले देणाऱ्या डिजिनोटार या डच कंपनीत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट निघालं होतं. असं चोरून कुणी काढू नये म्हणून पुढे सर्टिफिकेटांच्या सार्वजनिक वह्या आल्या, त्याच सीटी (सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी) लॉग. २०१८ पासून क्रोम नव्या सर्टिफिकेटची तिथे नोंद मागतो, त्यामुळे तुमच्या सर्टिफिकेटातलं प्रत्येक नाव तिथे लिहिलं जातं. ‘सीआरटी डॉट एसएच’ (crt.sh) या साइटवर टक्क्याचं चिन्ह, टिंब आणि तुमचं डोमेन टाका. चहा गार व्हायच्या आत तीच यादी फुकट मिळेल. त्या गृहस्थांना विचारा, कोणत्या सबडोमेनमध्ये नेमका कोणता दोष, लेखी द्या. बहुधा परत येणार नाहीत. यादी मात्र ठेवा आणि तुमची साइट सांभाळणाऱ्यासोबत एकेक नाव तपासा.

प्रश्न : आमची नावं त्यातून काढून टाकता येतात का? (गंगापूर रोड)

नाही. पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्यालाही येत नाहीत.

प्रश्न : वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घेतलं की नावं लपतात, असं ऐकलं. (इंदिरानगर)

अर्धं ऐकलंत. वाइल्डकार्ड म्हणजे सगळ्या सबडोमेनांना चालणारं एकच सर्टिफिकेट. पुढची नावं नोंदीत येत नाहीत, जुनी राहतातच. शिवाय त्या सर्टिफिकेटची एकच गुप्त किल्ली सगळ्या सर्व्हरांवर ठेवली, तर एकावरून चोरीला गेली की सगळ्यांची गेली. सर्व्हर सांभाळणाऱ्याशी बोलल्याशिवाय बदलू नका.

प्रश्न : मागच्या हंगामात मुलानं ऑर्डरींसाठी टेस्टचं सबडोमेन केलं होतं. तो आता पुण्याला असतो. लिंक कुणालाच दिलेली नाही, त्यामुळे धोका नाही म्हणतो. यंदाची द्राक्षं गेल्यावर बघितलं तर चालेल ना? (पिंपळगाव बसवंत)

वेलीवर डाउनी (बुरशीचा रोग) दिसला तर फवारणी हंगामानंतर करता का?

‘लिंक कुणाला दिलेली नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात गोळाच येतो. लिंक तुम्ही दिली नसेल, सर्टिफिकेटनं दिली. ते निघाल्यावर थोड्याच वेळात नाव लॉगमध्ये येतं, आणि तो लॉग रात्रंदिवस वाचत बसलेले प्रोग्राम आहेत. ‘टेस्ट’, ‘ओल्ड’, ‘बॅकअप’ ही नावं दिसली की ते आधी तिथेच जातात, कारण मुख्य साइटला कुलूप असतं आणि इथे पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ असतो. आत डेटा मात्र खराच: खरे खरेदीदार, खरे भाव, खरे बँक तपशील. चाचणीसाठी म्हणून खऱ्या डेटाची नक्कल टाकायची ही खोड कुणी लावली, देव जाणे.

दुसरी गोष्ट. मुलानं ते एखाद्या क्लाउड सेवेवर ठेवलं असेल आणि खातं बंद करून डीएनएसमधली (कोणतं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं, ते सांगणाऱ्या यंत्रणेतली) नोंद तशीच सोडली असेल, तर काही सेवांवर ती रिकामी जागा दुसरा कुणीही घेऊ शकतो. मग तुमच्या नावावर त्याचं पान! म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी डीएनएसमधली नोंद काढा, सेवा नंतर बंद करा.

मुलाला आजच फोन करा, पण काही पुसण्याआधी जाणकाराकडून सर्व्हरच्या नोंदी तपासून घ्या. कुणी आत येऊन गेल्याची खूण दिसली तर स्वतः फायली उडवत बसू नका. लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं असतं.

प्रश्न : दुसऱ्याच्या साइटची अशी यादी बघणं गुन्हा आहे का? मी इंजिनिअरिंगला आहे. (पंचवटी)

बघणं नाही. त्यातलं एखादं दार ढकलून बघितलंत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ वाचावी लागतील. मालकाची लेखी परवानगी घ्या. ‘मी मदतच करत होतो’ हे नंतर वकिलाला सांगत बसावं लागतं.

प्रश्न : आमच्या लॉजच्या नावानं आम्ही न काढलेली सर्टिफिकेटं दिसतात. सिंहस्थाची बुकिंग सुरू करायचीत, भीती वाटते. (त्र्यंबकेश्वर)

बहुतेक वेळा ती होस्टिंगवाल्यानं (ज्याच्या सर्व्हरवर तुमची साइट ठेवली आहे त्यानं) आपोआप काढलेली असतात, आणि एकच सर्टिफिकेट दोनदा दिसतं, कारण आधी त्याचा कच्चा मसुदा नोंदला जातो. तरी गृहीत धरू नका. कुणी जारी केलं आणि कधी, ते बघून होस्टिंगवाल्याला लेखी विचारा. तो ‘आमचं नाही’ म्हणाला, तर जारी करणाऱ्या संस्थेकडे ते रद्द करायला सांगा आणि डीएनएसमध्ये सीएए नोंद घालून घ्या. म्हणजे तुम्ही नेमलेल्या संस्थेशिवाय इतरांनी तुमच्या नावानं सर्टिफिकेट द्यायचं नाही. लॉजच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करूनही शोधा, खोटी बुकिंग पानं तशीच सापडतात. आणि होस्टिंगवाला ‘साहेब, ते असंच असतं’ म्हणाला, तर दुसरा होस्टिंगवाला बघा.