भेटीचं नंतर, आधी सात दिवसांचं बोला

दापोली तालुक्यातल्या एका मामांनी विचारलंय. सतरा वर्षांचा भाचा होडीचं इंजिन चोरल्याच्या प्रकरणात निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) आहे. बाल न्याय मंडळाने जामीन दिला, पण पंधरा हजारांचा जामीनदार आणि वडिलांचं हमीपत्र अशी अट घातली. वडील खलाशी, बोट समुद्रात. मामा तीन मित्रांना घेऊन भेटायला गेले, तर दारातूनच परत पाठवलं. आता भेट आणि फोन कसा मिळेल, असा प्रश्न आहे. असली पत्रं मला वरचेवर येतात.

पत्राच्या मधोमध तुम्ही सहज लिहून गेलात, "जामीन होऊन बावीस दिवस झाले, भावजी आले की सोडवणार आहोत." सगळं अडलंय ते या वाक्यात. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम १२(४) सांगतं, की जामिनाच्या आदेशापासून सात दिवसांत अटी पुऱ्या करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला मंडळापुढे हजर केलं पाहिजे. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीच तुमचा अर्ज पडायला हवा होता. हजर करण्याची जबाबदारी तुमची नाही हे खरं, पण घरच्यांनी आठवण दिल्याशिवाय फाईल हलत नाही हेही तितकंच खरं. बोटीची वाट बघण्यात तुम्ही पोराचे दोन आठवडे घालवलेत.

जामीनदार का मिळाला नाही? ऐपतीचा दाखला नाही, कारण सातबारा आजोबांच्या नावावर आणि ते जाऊन अकरा वर्षं झाली. वारस नोंद राहिली. कोकणात निम्म्या घरांची हीच रड. ती नोंद करून घ्या, पण या जामिनासाठी तलाठ्याच्या मागे धावू नका, तेवढा वेळ नाही. कलम १२(१) मध्ये "जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय" असे शब्द आहेत. परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली किंवा "योग्य व्यक्ती"च्या, म्हणजे मूल सांभाळायला लायक ठरवलेल्या माणसाच्या, ताब्यात सोडण्याचीही सोय त्याच कलमात आहे. आई घरीच आहे ना? तिच्या नावावर काही नाही म्हणून तिला बाजूला ठेवलंत, ही दुसरी चूक. जामीनदाराला ऐपत दाखवावी लागते. पोराला नीट ठेवीन, तारखेला आणीन, असं हमीपत्र द्यायला आईला सातबारा लागत नाही.

अर्ज दोन पानांचा पुरे. जामीन आदेशाची तारीख, सात दिवस उलटल्याचा उल्लेख, वडील समुद्रात असल्याचं कारण (बोटमालकाचं पत्र जोडा) आणि मागणी: जामीनदाराची अट काढून आईच्या हमीपत्रावर सोडावं, ते मान्य नसेल तर मामाला योग्य व्यक्ती म्हणून मान्यता द्यावी. सोबत आईचं आणि तुमचं आधार, रेशनकार्ड, वीजबिल, मुलाचा शाळेचा दाखला. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "मंडळ अमुक वारीच बसतं" असं उत्तर आलं तर कलम ७(२) दाखवा. मंडळ बसलेलं नसताना मुलाला एका सदस्यापुढेही हजर करता येतं.

त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याला गाठा. मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा त्याचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत यायला हवा. अधिकारी घर बघून गेलाच नसेल, तर मंडळ कशाच्या आधारे अट सैल करणार? किती सैल करेल, हे मी सांगू शकत नाही. नाकारलं तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यात येतात. तिथवर जायची पाळी येऊ नये.

गुन्ह्याबद्दल एवढंच बघा: इंजिन पुळणीवर उघड्यावर होतं की कुलूप लावलेल्या खोपीत? उघड्यावरची साधी चोरी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), कमाल तीन वर्षं, म्हणजे किरकोळ अपराध. माल ठेवण्याच्या बांधीव जागेतून नेलं असेल तर कलम ३०५ लागू शकतं, तिथे सात वर्षं. किरकोळ अपराधाची चौकशी चार महिन्यांत आणि वाढवून मिळालेल्या दोन महिन्यांतही संपली नाही, तर ती बंद होते. कोणतं कलम लावलंय ते कागद पाहिल्याशिवाय बोलणार नाही. वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकाला फोन लावा. मुलांना उत्पन्नाचा दाखला न मागता विधी सेवा मिळते.

आता भेट. मित्रांना घेऊन गेलात तिथेच बिनसलं. आई-वडील, पालक आणि जवळचे नातेवाईक, साधारण आठवड्यातून एकदा, असा प्रघात आहे. वार आणि वेळ आधी फोनवर विचारा, नाहीतर एसटीने जाऊन दिवस फुकट जातो. पहिल्या खेपेला आईला न्या आणि तुमचं नाव नात्यासह नोंदवायला अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. त्यातच देखरेखीखाली फोनची परवानगी मागा. औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. घरचा डबा घेतीलच असं नाही. चोरीबद्दल भेटीत काही विचारू नका, ते वकिलाला विचारू द्या. लेखी अर्ज देऊनही नाकारलं, तर तीच प्रत मंडळापुढे ठेवा. दर महिन्याला निरीक्षणगृहाची पाहणी करणं मंडळाचंच काम आहे.

आणि "आमच्या पोराला न्याय द्या" म्हणून त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतोय असं लिहिलंत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. टाकणारे तुमचेच ते तीन मित्र असतील तर आज रात्रीच काढायला सांगा.